बिनपेट्रोलची पहिली फेरी

फेरीबोटीच्या सारंगाला सगळे तोंडावर ‘मामा’ म्हणत आणि पाठीमागे ‘तागडी’. बोट नदीपार नेणं हे त्याचं निम्मंच काम. उरलेलं निम्मं धक्क्यावर चाले. रांगेतल्या गाडीकडे टायरापासून टपापर्यंत एकदा बघायचं आणि हात हलवायचा. ही डावीकडे, ती उजवीकडे, टेम्पो मधोमध. सगळ्या गाड्या चढल्या की बोट पाण्यावर अशी सपाट बसे, की डेकवर काठोकाठ भरलेला चहाचा पेला ठेवला तरी थेंब सांडू नये. वजनकाट्याची त्याला कधी गरज वाटली नव्हती आणि या गोष्टीचा त्याला मनातून थोडा अभिमानही होता.

अशा माणसापुढे त्याच्या सख्ख्या भाचीनं पेच आणून उभा केला. भाची घरोघर जाणारी नर्स. कुणाची जखम बांधायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाला नुसतं कुशीवर वळवायचं. तिचे निम्मे रुग्ण या काठाला, निम्मे पलीकडे. आजवर ती स्कूटरवर फिरायची. आता तिनं एक जुनी, पण चांगल्या स्थितीतली विजेची गाडी घेतली होती. आणि मामाला सांगितलं ते घेऊन झाल्यावर.

बोटीच्या कंपनीनं अशा गाड्यांबद्दल काखा वर केल्या होत्या. घ्यायची की नाही, ते सारंगानं बघावं, एवढंच कळवलं होतं. मामा ‘नाही’ म्हणाला, तर भाचीला लांबच्या पुलावरून वळसा घ्यावा लागणार होता. दिवस रस्त्यातच जाणार आणि पलीकडचे रुग्ण दुसऱ्या नर्सकडे जाणार. मामा ‘हो’ म्हणाला आणि भर नदीत काही पेटलं, तर?

त्या ‘तर’नं त्याची झोप उडवली. पण गंमत अशी, की भीतीपेक्षा त्याला कुतूहलच जास्त छळत होतं. पेटते म्हणजे नेमकं काय पेटतं? पेट्रोल नाही, धूर नाही, मग आग येते कुठून? तो भेटेल त्याला विचारत सुटला. अग्निशमन दलातला एक जवान रोज सकाळी बोटीनं पलीकडे कामाला जाई. मामानं त्याला केबिनच्या दारातच गाठलं.

“खरं सांगा, कोणती गाडी जास्त पेटते? विजेची की पेट्रोलची?”

“पेट्रोलची,” जवान म्हणाला. “आम्ही पळतो ते बहुतेक वेळा तिच्याच मागे. विजेची क्वचित. पण ती पेटली ना मामा, की मोठी चिवट. विझली म्हणून आपण पाइप गुंडाळावा, तर पुन्हा पेट घेते. पाण्यावर पाणी ओतत बसावं लागतं.”

“पाणीच ना? अहो, मग माझ्याभोवती दुसरं आहे काय?”

“भोवती आहे हो. पण ते वर कशानं काढणार? पंप आहे तुमच्याकडे?”

मामानं बोटीच्या कठड्याला टांगलेली वाळूची बादली आणि आग विझवायचं एकुलतं एक लाल नळकांडं पाहिलं.

घरी वेगळाच खटला चालू होता. मामाचा साडू बेकरीचा माल पोचवायचा. त्याची व्हॅन रोज पहिल्या फेरीला बोटीवर असे. तिच्या रंगापेक्षा गंजच जास्त होता, पण साडूचा तिच्यावर जीव. भाचीची गाडी अंगणात उभी राहिल्यापासून त्याला ऊत आला होता.

“चार चाकांचा मोबाइल घेतलाय पोरीनं,” तो मामीसमोर म्हणायचा. “मधेच बंद पडली तर ढकलणार कोण? तिचे पेशंट?”

“रात्री घरी लावून ठेवते, सकाळी भरलेली असते,” भाची म्हणाली. “माझी फेरी ती केवढी, काका! गेल्या महिन्यात लांब गेले होते, तेव्हा मात्र फजिती झाली. चार्जिंगला एकच जागा, तिथे एक गृहस्थ गाडी लावून आत घोरत पडलेले. काच वाजवून वाजवून बोटं दुखली.”

“बघा! माझ्या गाडीला डबाभर पेट्रोल ओतलं की झालं.”

“ते खरं आहे,” भाचीनं कबूल केलं. ती कबूल करते, म्हणून मामाला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटे. अखेर तो म्हणाला, “उद्या पहिल्या फेरीला आण. चढवून बघू, मग ठरवू.”

दुसऱ्या दिवशी ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. साडूची व्हॅन नेहमीसारखी उजवीकडे चढली. साडू खाली उतरून कठड्याला टेकला. आज तमाशा बघायचा म्हणून तो वर प्रवाशांच्या बाकांवर गेलाच नाही. मामानं भाचीच्या गाडीकडे बघितलं. छोटी, बुटकी, लाडवासारखी गोल. हिच्यापेक्षा व्हॅन जड, हे कुणीही सांगितलं असतं. त्यानं गाडीला डावीकडे बोलावलं. ती आवाज न करता आत आली. मग तोल साधायला तिच्यामागे एक लहान मोटारही चढवली.

आणि बोट डावीकडे कलली.

फार नाही, पण दोर सोडायला वाकलेल्या खलाशाच्या लक्षात आलं. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. इतक्या वर्षांत असा मोका त्याला मिळाला नव्हता.

“मामा! तागडी चुकली की हो!”

साडू खदाखदा हसला. मामाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण तो रागावला नाही. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि सरळ डेकवर गुडघे टेकून तिच्या खाली बघायला लागला.

“एवढीशी गाडी आणि एवढं वजन? हिच्या पोटात आहे काय?”

“बॅटरी, मामा.” भाचीही त्याच्या शेजारी वाकली. “खाली फळीसारखी पसरलेली. सगळा भार तिथेच. इंजीन नाही, टाकी नाही.”

“म्हणजे वजन तळाशी. मग डोलणार नाही ही. व्हॅन वाऱ्यात डोलते.” तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. “मधोमध घ्यायला हवी होती. आणि हा पत्रा दगडाला घासला तर?”

“तर आधी गॅरेजला दाखवायची. मार बसलेली बॅटरी वाईट.” बोलता बोलता भाची थांबली. वाकल्यामुळे तिला गाडीखालून पलीकडचं दिसत होतं. “मामा, काकांच्या व्हॅनखाली ते काय ठिबकतंय?”

“पाणी असेल. एसीचं.”

“त्या व्हॅनला एसी आहे?”

भाची उठून पलीकडे गेली, व्हॅनखाली डेकच्या ओल्या पत्र्यावर बोट टेकवलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. “पेट्रोल! अहो, इथे तर दरवळ सुटलाय. तुम्हाला कुणालाच येत नाही?”

मामानं तिचं बोट धरून स्वतःच्या नाकाशी नेलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. काही नाही. त्यानं खलाशाकडे बघितलं. खलाशानंही बोट हुंगलं आणि नकारार्थी मान हलवली.

रात्र रात्र मामानं एका न पेटलेल्या बॅटरीचा विचार केला होता. आणि हे किती दिवस ठिबकत होतं, कोण जाणे. रोज तो याच पत्र्यावरून चालत होता आणि नाकाला त्या वासाची सवय होऊन गेली होती.

“काय झालं एवढं?” साडू म्हणाला. “पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच वास येणार, अत्तराचा येणार का?” आणि त्यानं सवयीनं खिशातून सिगारेट काढली.

“ठेवा ती आत!” मामा ओरडला. साडूशी तो कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. वरच्या बाकांवरचे प्रवासी वाकून बघायला लागले. खलाशानं वाळूची बादली आणून पत्र्यावर ओतली.

“साडू, व्हॅन मागे घ्यायची. इंजीन चालू करायचं नाही. आम्ही ढकलतो.”

“माझी? अहो, माल आहे आत! आणि ही पोरीची गाडी जाणार?”

“तिचं मला अजून पुरतं कळलेलं नाही,” मामा म्हणाला. “तुमचं कळलंय.”

व्हॅन ढकलत धक्क्यावर नेली. ढकलणाऱ्यांत भाचीही होती, पण ती एक शब्द बोलली नाही, हे साडूला जास्तच लागलं असावं. पावाचे ट्रे खलाशानं आणि मामानं हातानं उचलून बोटीवर आणून रचले. पलीकडच्या दुकानांना थांबवून चालणार नव्हतं. मग मामानं लहान मोटार बाजूला घेतली, भाचीची गाडी मधोमध, उतरायच्या फळीच्या तोंडाशी आणली आणि पाण्याकडे बघितलं. बोट सपाट होती.

पलीकडे पोचल्यावर भाचीनं काच खाली केली. “मग उद्यापासून?”

“उद्यापासून. पण जागा हीच, चढायचं शेवटी आणि उतरायचं पहिलं. एका फेरीला अशी एकच गाडी. खाली कुठे दगड लागला, तर गॅरेजवाल्यानं बघितल्याशिवाय धक्क्यावर यायचं नाही. आणि पंपासाठी आजच कंपनीच्या मानगुटीवर बसतो.”

“एवढंच?”

मामा जरा घुटमळला. “आणि रोज थोडी लवकर ये. सगळ्या गाड्या चढल्या की डेकवरून एक चक्कर मार. मला सांग, कसला वास येतो ते.”

तिनं त्याच्याकडे बघितलं, हसली नाही, फक्त ‘बरं’ म्हणाली आणि आवाज न करता चढावरून निघून गेली.

परतीच्या फेरीत डेक जवळजवळ रिकामा होता. सुकाणू घटकाभर खलाशाकडे देऊन मामा खाली आला आणि वाळूपाशी उकिडवा बसला. ओल्या दोराचा वास आला. नदीचा आला. ट्रे ठेवले होते तिथून पावाचासुद्धा आला. त्यानं चिमूटभर वाळू उचलून नाकाशी धरली आणि डोळे मिटून पेट्रोलच्या वासाची वाट बघितली.

“मामा,” वरून खलाशानं हाक मारली, “साडू धक्क्यावर उभे आहेत. फोन लावलाय. मामींनाच असणार.”

“असू दे,” मामा म्हणाला आणि दुसरी चिमूट उचलली.