समाजमंदिरातलं हिरवं टेबल

मी टेबल बोलतोय. जेवणाचं नाही, मास्तरांचं नाही आणि तहसीलमधल्या साहेबांचं तर मुळीच नाही. मी टेबल टेनिसचं टेबल आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या दरेवाडीला ते कळायला वर्ष गेलं.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला गुळगुळीत घासलं, हिरवा रंग दिला, कडेने आणि मधोमध पांढरी रेघ ओढली. माझी भावंडं कुणी कॉलेजात गेली, कुणी क्लबात गेली. माझ्या नशिबी धारूरचा घाट आला. टेम्पोत मला दोरखंडाने आवळून बांधलं होतं, तरी प्रत्येक वळणाला माझे दोन अर्धे भाग एकमेकांवर आपटत होते. धारूर मागे पडलं, डांबरी रस्ता संपला आणि एका चौकोनी इमारतीसमोर मला उतरवलं. हेच गावाचं समाजमंदिर. एक हॉल, लोखंडी खिडक्या आणि छताला बरेच पंखे, त्यांतला एक फिरणारा.

घोळ असा झाला होता की सरपंच अर्जुनरावांनी कुठल्याशा कार्यक्रमात मागणी केली होती, "आमच्या समाजमंदिराला एक चांगलं मोठं टेबल द्या." त्यांना हवं होतं सभेला. तो शब्द कोणकोणत्या साहेबांच्या कानातून फिरला कोण जाणे, शेवटी खेळाच्या सामानातून मी आलो.

अर्जुनरावांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. "लई मोठं हाय बे. पण मधी चिरलंय कावून?"

"मला काय माहीत?" टेम्पोवाला म्हणाला. "उतरून घेतलं न्हवं? सही करा."

माझ्याबरोबर एक जाळी, चार फळ्या आणि डबाभर पांढरे चेंडू आले होते. ते सगळं अर्जुनरावांच्या घरी गेलं. त्यांच्या बायकोने, छबुबाईंनी, जाळी वाळत घातलेल्या कुरडयांवर टाकली. फळ्यांनी पापडाचे गोळे चेपले. चेंडूंचं काय करायचं ते मात्र त्यांना सुचलं नाही. त्यांनी ते गोठ्यातल्या टोपलीत ठेवले, तर कोंबडी त्यांवर उबवायला बसली. ती इतक्या निष्ठेने बसली की छबुबाईंना तिला उठवायचा धीर होईना.

इकडे समाजमंदिरात मी कामाला लागलो. सभेच्या दिवशी माझ्यावर चहा यायचा. माझा एक पाय जरा आखूड, त्यामुळे कप हळूहळू विरोधी गटाकडे घसरायचे. "या सरपंचाच्या काळात आमच्याकडं एवढंच आलं," असं म्हणून ते लोक चहा पिऊन टाकायचे. लसीकरणाच्या दिवशी माझ्यावर बाळं निजवायची. त्यांनी माझ्यावर काय काय केलं ते सांगत नाही. लग्नसराईत बुंदीच्या पराती माझ्यावर निथळायच्या.

बाकीचे दिवस मी सत्यशीलाताईंचा. त्या बचत गट चालवायच्या आणि सकाळी बायकांना शिवण शिकवायच्या. माझी मधली रेघ त्यांना फार आवडायची. त्या रेघेवर धरून गावातले किती ब्लाऊज सरळ कापले गेले म्हणून सांगू!

संध्याकाळ मात्र लेकरांची असायची. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, पार कर्नाटकापर्यंत. लेकरं आजी-आजोबांकडे राहतात. म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी दिसत नाही, लेकरांना करमत नाही. म्हणून सत्यशीलाताईंनी समाजमंदिरात अभ्यास आणि खिचडी सुरू केली. माझ्याभोवती दप्तरं मांडून लेकरं बसायची. त्यांत सातवीतली सायली होती. तिचे आईवडील तोडीला जायचे आणि ती आजीजवळ राहायची. तिचा हात एक क्षण स्वस्थ नसे. गणित अडलं की ती पट्टीने खोडरबर टोलवायची आणि तो बरोबर माझ्या दुसऱ्या टोकाच्या पोराच्या कपाळाला लागायचा. मी तेव्हाच ओळखलं होतं, पण माझं कोण ऐकतं?

मग हनुमान आला.

हनुमान हा अर्जुनरावांचा मुलगा. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देत होता. "पोरगं साहेब होऊनच येणार," असं अर्जुनराव केजच्या बाजारापासून धारूरच्या किल्ल्यापर्यंत सांगून बसले होते. पोरगा आला तो पुस्तकांची गोणी घेऊन. साहेब काही झाला नव्हता. अर्जुनरावांनी त्याच्याशी बोलणं सोडलं.

एकाच घरात न बोलता राहायचं म्हणजे कष्टाचं काम. ते कष्ट छबुबाईंच्या वाट्याला आले. त्या सत्यशीलाताईंना सांगायच्या, "हे म्हणतात, त्याला म्हणावं मोटार चालू कर. त्यो शेजारीच उभा. त्यो म्हणतो, आई, त्यांना म्हणावं लाईट न्हाई. मी काय टेलिफोन हाय का, ताई?"

घरी थांबवेना म्हणून हनुमान एक दिवस समाजमंदिरात आला. मी कापडाच्या चिंध्यांखाली झाकलेला होतो. त्याने एक चिंधी उचलली, दुसरी उचलली आणि तो हसायला लागला. हसणं बऱ्याच दिवसांत सरावात नव्हतं, त्यामुळे मधे ठसकाही लागला.

"ताई, तुमी याच्यावर काय करता?"

"ब्लाऊज."

"आवं, हे टेबल टेनिसचं हाय! आमच्या होस्टेलात होतं."

जाळी कुरडयांवरून परत आली. फळ्या धुतल्या. चेंडू आणताना कोंबडीने हनुमानच्या हाताला चोच मारली, पण शास्त्राप्रमाणे माझ्यावर पहिला चेंडू पडला. टक! त्या आवाजाने मी शहारलो. जन्माला ज्यासाठी आलो, ते एकदाचं घडलं होतं.

हनुमानने नियम केला. आधी अभ्यास, मग खेळ. पुण्याहून आणलेली गोणी त्याने तिथेच उघडली. पोरांना गणितं घालायचा आणि जमलं की फळी हातात द्यायचा. पानटपरीवर बसणारी मोठी पोरं आधी खिडकीतून टिंगल करायची. मग ती आत आली. मग त्यांना कळलं, की खेळायचं तर अपूर्णांक सोडवावे लागतात. तरीही ती थांबली.

सायली सगळ्यांत पुढे गेली. एका संध्याकाळी सत्यशीलाताईंच्या मोबाईलवर तिच्या आईचा तोडीवरून फोन आला. फोन माझ्यावरच ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"जेवलीस का गं?"

"आई, आज मला बॅकहँड जमला!"

"बरं बरं," आई म्हणाली. "गरम हाय तवरच खा. आजीला बी दे."

अर्जुनरावांना हे काही पसंत नव्हतं. रस्त्याने जाताना ते ऐकू जाईल असं म्हणायचे, "टक टक, टक टक. माणसं हायत का घड्याळं?"

आता मी जे सांगतो, ते त्या वेळी फक्त मला ठाऊक होतं. उन्हाळ्यातल्या एका दुपारी अर्जुनराव आणि त्यांचे जुने दोस्त कल्याणराव हवेशीर पडायला समाजमंदिरात आले. कल्याणरावांचं गावात किराणा दुकान. फिरणाऱ्या पंख्याखाली दोघं लवंडले. झोप येईना. कल्याणरावांनी माझ्यावरची फळी उचलून वारा घेतला. मग चेंडू उचलला.

"अर्जुनराव, टाकू का एक?"

"लेकरांचा खेळ हाय हो त्यो."

"मंग आता हितं लेकरं कुठं हायत?"

हा मुद्दा अर्जुनरावांना पटला. त्यांनी दाराला आतून कडी घातली, धोतराचा सोगा खोचला आणि टोपी खिडकीत ठेवली. पहिला चेंडू पंख्यावर गेला. दुसरा थेट कल्याणरावांच्या अंगरख्यात गेला, तो शोधायलाच बराच वेळ लागला. पण रानात गोफण फिरवलेला हात होता. दोन आठवड्यांत अर्जुनरावांचा बॅकहँड असा बसला, की कल्याणराव कपाळावर भस्म लावून यायचे आणि घामाने धुऊन परत जायचे.

रोज दुपारी कडी लागायची. विचारलं तर सांगायचे, "गावाचा विचार चालू हाय." छबुबाईंना अभिमान वाटायचा. "आजकाल ह्यांना गावाची लई काळजी लागलीय," त्या सांगायच्या. "घामाघूम होऊन येतात."

असं सगळं बरं चाललेलं असताना राजेश्वर उभा राहिला. राजेश्वर हा कल्याणरावांचा मुलगा. त्याने खत-बियाण्यांचा धंदा काढला होता आणि पोती ठेवायला त्याला समाजमंदिर हवं होतं. बदल्यात तो छत दुरुस्त करून रंग देणार होता. अर्जुनरावांनी कधीतरी एका लग्नाच्या पंगतीत त्याला "घे की" म्हणून शब्द दिला होता. आता राजेश्वर म्हणाला, माल आलाय, हॉल रिकामा करा.

ग्रामस्थांची सभा बसली. मी मधोमध, माझ्यावर चहा. एका टोकाला अर्जुनराव, दुसऱ्या टोकाला कल्याणराव, भिंतीशी बायका आणि लेकरं. कल्याणराव सारखे छताकडे बघत होते. आपला मुलगा आणि आपली दुपार, यांत कोणाची बाजू घ्यावी ते त्यांना कळत नसावं.

"लेकरं कुठं बसवायची, ते सांगा," सत्यशीलाताई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात माणसं तोडीला जातील."

"ताई, शाळा हाय की," राजेश्वर म्हणाला.

"शाळा पाचला बंद हुती."

सायली उठून उभी राहिली. तिच्या हातात फळी आणि चेंडू होता, तिच्या हातात नेहमीच असायचा. "आमी पाचनंतर कुठं जायाचं? आजी सातला झोपती. मंग मी एकटीच भिंतीकडं बघत बसते."

मी लाकडाचा, तरी मला ते लागलं.

अर्जुनराव अडकले होते. दिलेला शब्द मोडायचा कसा? आणि का मोडतोय, हे सांगायचं कसं? त्यांनी आवाज चढवला. "हे बघा, शब्द म्हंजे शब्द! अन् ह्यो खेळ-बिळ लेकरांचा हाय. शहाण्या माणसाला त्याच्यातलं काय बी कळत न्हाई!"

सायलीने रागाने चेंडू मारला. कपांच्या मधून माझ्यावर टप्पा घेऊन तो सरळ सरपंचांकडे गेला.

अर्जुनरावांच्या हातात चहाची रिकामी बशी होती. त्यांचं बोलणं अजून चालूच होतं, पण हात आपोआप वळला आणि बशीने असा सुरेख बॅकहँड बसला, की चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात गेला. तिथे कल्याणराव होते. त्यांनी मांडीवरचं घडी केलेलं वर्तमानपत्र फिरवलं. चेंडू परत आला. अर्जुनरावांनी तो पुन्हा टोलवला. जाळी नव्हती, चहाचे कप होते, तरी एकालाही धक्का नाही. शेवटी कल्याणरावांचा चेंडू खिडकीबाहेर गेला आणि सवयीने ते ओरडले, "आठ-सात! पण कालचे माझे दोन धरायचे राहिलेत!"

सगळ्या माना दोघांकडे वळल्या.

छबुबाई भिंतीपासून पुढे आल्या. "ह्यो का गावाचा विचार?"

मग जो हशा उठला, तो डोंगरापर्यंत गेला असेल. विरोधी गटातला एक जण तर हसता हसता माझ्यावरच आडवा झाला. अर्जुनराव हातातल्या बशीकडे बघत बसले. हसणं थोडं ओसरलं, तेव्हा मागून हनुमानचा आवाज आला.

"आबा, मनगट लई कडक धरता तुमी."

बापलेक बोलत नाहीत हे गावात कुणाला माहीत नव्हतं? अर्जुनरावांनी सवयीने छबुबाईंकडे पाहिलं. "त्याला म्हणावं..."

"मी न्हाई म्हणणार," छबुबाई म्हणाल्या. "तुमाला तोंड हाय की."

अर्जुनरावांनी बशी एकदा उलटी, एकदा सुलटी केली. मग मान वर न करता म्हणाले, "मंग इतके दिस काय बघत बसलास बे? शिकीव की."

"शिकवतो," हनुमान म्हणाला. "आधी बशी खाली ठेवा."

राजेश्वर बिचारा मधेच उभा होता. "आबा, अन् माझा शब्द?"

"शब्द जागा द्यायचा होता, तो देतो. बैल गेल्यापासून माझा गोठा रिकामाच हाय. तिथं टाक पोती."

"रिकामा?" छबुबाई कडाडल्या. "अन् माझ्या कोंबड्या?"

त्या विषयावर सभा आणखी तासभर चालली. शेवटी गोठ्याचा एक कोपरा कोंबड्यांना आणि बाकीचा खताला, असा ठराव झाला. दरेवाडीच्या इतिहासात एकमताने झालेला तो एकच ठराव असावा.

आज माझी अवस्था फार चांगली नाही. छत काही दुरुस्त झालं नाही. पावसाचं पाणी गळून माझा एक कोपरा फुगलाय, तिथे चेंडू पडला की उसळतच नाही. सायलीने त्या कोपऱ्याचा इतका अभ्यास केला, की गावात तिला कुणी हरवू शकत नाही. तालुक्याच्या स्पर्धेत मात्र ती हरली. "तिथल्या टेबलाचे चारी कोपरे चांगलेच होते," तिने येऊन तक्रार केली. हनुमानने तिला पुढच्या वर्षीची तयारी लगेच सुरू करायला लावली. तो आता परीक्षाही देतो आणि शिकवतोही. बापलेक एवढे बोलतात, की छबुबाई कधीकधी कानात कापूस घालतात म्हणे.

या दिवाळीनंतर तोडीची गाडी निघायच्या आदल्या दिवशी सायलीची आई इथे आली होती. फार बोलली नाही. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली, आखूड पायाखाली एक फरशीचा तुकडा सरकवला आणि सत्यशीलाताईंना विचारलं, "सांजच्याला हितं लाईट असती ना?"

"असती."

"मंग बरं," ती म्हणाली आणि गेली.

तुमच्याही गावात एखादं समाजमंदिर असेल. कदाचित त्याला कुलूप असेल, आत कुणाची तरी पोती असतील. ते उघडा एवढंच माझं मागणं आहे. आत काय ठेवायचं याचा फार विचार करू नका. चुकीचं सामान आलं तरी चालतं, लोक त्याचं काहीतरी करतात.

आता मला थांबायला हवं. दिवा लागलाय, दप्तरं मिटायला लागलीत, जाळी बांधून झाली. तुम्ही जरा मागे सरून उभे राहा. सायलीची सर्व्हिस आहे, चेंडू लागेल.