थोरलं भिंग

आबांच्या पत्र्याच्या पेटीत तीन भिंगं आहेत आणि आबांनी त्यांना लेकरांसारखी नावं ठेवलीत. थोरलं, मधलं, धाकटं. थोरलं भरल्या तांब्याएवढं जड, लांबचं माणूस ओढून पुढ्यात आणून बसवतं. धाकटं दिसायला एवढंसं, पण पंगतच्या पंगत गिळतं. मधलं सगळ्या कामाचं. धरणावरचा एक साहेब विलायतेला परत जाताना कॅमेरा आणि ही तिन्ही भिंगं आबांना देऊन गेला. तेव्हापासून नांदे, माण, नेरे कुठंही जा, 'जयसिंग फोटोवाला' म्हटलं की लोक आमच्या घराकडे बोट दाखवतात.

पण एखादं लग्न सोडलं, तर बोलावतात कधी? कुणी मेलं की! जितेपणी कुणाला फोटोची आठवण होत नाही. माणूस गेलं की सगळं घर डोक्याला हात लावतं, अरे, हिचा एकबी फोटो न्हाई! मग सायकलवर कुणीतरी येतं. गेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवतात, टोपी-पदर नीट करतात, आबा मधलं भिंग लावतात आणि खटका दाबतात. त्यामुळे आबा खांद्याला कॅमेरा अडकवून कुठल्या दारात उभे राहिले, की आतलं आजारी माणूस भिंतीकडे तोंड फिरवतं. एकदा तर नेऱ्यातला कोंडिबा म्हातारा अंथरुणातून उठून काठी घेऊन आबांच्या मागे लागला होता. आबा बिचारे त्याच्या शेजाऱ्याकडे बियाणं आणायला गेले होते.

आईनं याच कारणानं आमच्या घरात एक नेम घातला होता. मढ्यावर फिरलेलं भिंग माझ्या लेकरांवर धरायचं न्हाई. म्हणून फोटोवाल्याच्या घरात आम्हा दोघी बहिणींचा एकही फोटो नाही. रत्नाआक्काच्या लग्नातसुद्धा नाही. आबा मुलीचे बाप, ते मांडवात हात जोडून उभे, आणि कॅमेरा पेटीत.

आक्काला क्षय झाला तेव्हा तिचा भैरू नुकता पालथा पडायला लागला होता. दाजींनी तिला पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं आणि भैरू आमच्याकडे आला. पानशेत फुटल्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस डॉक्टरांनी आबांना बोलावून घेतलं. आबा परत आले ते थेट गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आईनं काय ते ओळखलं. त्या संध्याकाळी नेम घालणारीच म्हणाली, "तिचा एक फोटो पायजे. भैरूला आई म्हणून काय दावायचं?"

"मी जातो," आबा म्हणाले.

"तुमी? तुमाला कॅमेऱ्यासकट बगितलं की पोरगी तितंच हाय खाईल. तुमी कुनाच्या घरी कशाला जाता, तिला ठावं न्हाई व्हय?"

"मग तू जा."

"मला खटका कुटला त्ये कळतंय का? आन मी रडनार. मग काय ऱ्हायलं?"

"मी जाते!" मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी तशीच मान वर करून उभी राहिले. का नाही? नववी पास झाले होते, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मुलांना मागे टाकलं होतं, लग्नाच्या मांडवात आबांच्या बरोबरीनं फोकस जमवत होते. आणि पुण्याला एकटीनं जायचं म्हटल्यावर पोटात आनंदाची उकळीच फुटली. कशासाठी जायचंय ते माहीत होतं, तरी फुटली. त्याला मी काय करू?

आबांनी धोतराच्या स्वच्छ तुकड्यावर तिन्ही भिंगं मांडली. "एकच न्यायचं. आन हितनंच चढवून न्यायचं. तितं बदलायला गेलीस आन आत धूळ शिरली, की सगळं मुसळ केरात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मधलं ने. माणसाला त्येच बरं."

आई चुलीपुढं होती. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "त्ये जायाचं न्हाई."

"अगं, काच हाय ती. पुसली की झालं."

"परवा माणात सारजाबाईच्या मढ्यावर धरलंत, त्येच आज माझ्या रत्नीवर? पुसून जातंय व्हय?"

आबांनी मधलं उचलून पेटीत ठेवलं. राहिली दोन. धाकटं घेतलं तर पार खाटेला चिकटून बसावं लागणार. कॅमेरा तोंडापुढं आला की आक्काला कळायचं राहील का?

"थोरलं!" मी ओरडले. "लांब झाडाबिडामागं उभी राहते. तिला पत्ताच लागणार नाही. खटका दाबला, कॅमेरा पिशवीत घातला, की जाऊन गळ्यात पडायचं!"

आई तेव्हा कुठं वळली. किती दिवसांनी तिच्या तोंडावर जरा बरं काही दिसलं. "लई डोकं चालतंय गं पोरीचं," ती आबांना म्हणाली. मी अशी फुगले म्हणता!

आबांनी कॅमेऱ्यावर थोरलं चढवलं. "ह्ये हललं की गेलं बघ. कशालातरी टेकव. आन जवळनं ह्यात कायबी दिसत न्हाई, ध्यानात ठेव. रोलात दोनच शिल्लक हायेत."

एस.टी.त माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. नदी आली की तिनं हात जोडले, पूल संपेपर्यंत डोळे मिटले आणि उघडल्या उघडल्या मला विचारलं, "एकटीच का गं? आन पिशवीत काय हाय? कवाधरनं पोटाशी धरलीयास."

"भाकरी."

"भाकरीला एवढं जपत्यात? कुनाच्या हातची म्हनायची!"

सगळी बस हसली. मीपण हसले. खिडकीतून पुण्याचे रस्ते, सायकली, पाट्या बघत राहिले. मला त्या दिवशी सगळं येत होतं. बस बदलणं येत होतं, पत्ता विचारणं येत होतं.

दवाखाना बैठा आणि लांबलचक होता. रोग्यांना हवा लागावी म्हणून खाटा व्हरांड्यात मांडलेल्या, आणि समोर मोठं अंगण. अंगणात कडुनिंब होता, अगदी मला हवा तसा. मी त्याच्या मागं गेले, फांदीच्या बेचक्यात कॅमेरा टेकवला आणि एकेक खाट शोधत निघाले. थोरल्यानं एकदम आक्काला माझ्यापुढं आणलं.

उशीवर नुसती वेणी ठेवावी तशी ती दिसत होती. वेणीच काय ती पहिल्यासारखी होती, बाकी आक्का कुठं गेली कुणास ठाऊक. गालाचं हाड मला इतकं जवळ दिसलं, की हात लावता आला असता. खटका दाबला तेव्हा माझा हात हलला. मला कळलं हलला ते.

तेवढ्यात तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आमच्या झाडाकडे बोट केलं. आक्कानं मान वळवली आणि थेट भिंगात बघितलं. मी लपून उपयोग काय! तिनं हातानं खूण केली, ये हिकडं.

मी गेले. कॅमेरा पदराआड करायला माझ्या अंगावर पदर कुठं होता, परकर-पोलकं होतं.

"आबांचा कॅमेरा आनलास," आक्का म्हणाली.

"शाळेत प्रदर्शन आहे," मी घडाघडा बोलले. "झाडांचे फोटो पाहिजेत त्यांना."

"म्हंजे झाडाच्या मागं लपून झाडाचा फोटो?"

शेजारच्या खाटेवरच्या त्या रंभाबाई एवढ्या हसल्या की त्यांना ढास लागली. आक्का हसली नाही. तिनं मला खाटेच्या कडेला बसवलं आणि माझं मनगट धरलं. तिचा हात चुलीजवळच्या भांड्यासारखा तापलेला होता.

"डाक्टरांनी आबांना बोलवलं व्हतं. मला ठावं हाय. रडू नगंस, गप. बरं झालं जित्ती असताना आलीस. मागनं भिंतीला टेकवत्यात, मग मान एका अंगाला पडतीया, आन आबा मानंमागं उशी खोचत बसत्यात. मी बघितलंय. मला न्हाई तसला फोटो पायजे."

मी कॅमेरा मांडीवर घेतला. आक्कानं भिंगाकडं बघितलं.

"आईनं मधलं दिलं न्हाई न्हवं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "आई बी ना! बरं, काढ. पर हितं बसून काढ, माझ्यापाशी. भैरूला वाटलं पायजे, आई आपल्याकडंच बघतीया." तिनं उशीखालून एक टोपडं काढलं. लाल खणाचं, काठाला बारीक पांढरी टीप. "ह्ये बी आलं पायजे त्यात. दोन म्हैने शिवतीया. निजून हात भरून येतो."

भैरूचं डोकं आता केवढं झालंय! ते टोपडं त्याच्या शेंडीलासुद्धा बसलं नसतं. हे माझ्या ओठावर आलं आणि मी गिळलं.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. सगळं धुकं. आक्का नाही, खाट नाही, टोपडं म्हणजे नुसता तांबडा डाग. फोकसचं कडं शेवटपर्यंत फिरवलं, तरी धुकंच.

"आक्का, जरा मागं जाते."

"जा की."

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. आता नुसतं तिचं कपाळ आणि एक डोळा. पायऱ्या उतरले. आता तोंड आलं, पण टोपडं नाही.

"अगं, भेटाया आलीस का निघालीस?" आक्कानं वरून विचारलं. तिला हसू येत होतं. मलाही यायला हवं होतं.

अंगणातून मागं मागं जात मी परत त्या कडुनिंबाशी पोचले. बेचक्यात कॅमेरा टेकवला. तेव्हा कुठं आक्का, तिची वेणी आणि मांडीवरचं टोपडं एका चौकटीत बसलं. आणि मग मधून माणसं जायला लागली. कुणी डबा घेऊन, कुणी म्हाताऱ्याला हाताला धरून. एक गेलं की दुसरं. मोकळं झालं तर आक्काला खोकला आला. ती वाकली, तोंडाला फडकं लावलं, मग पुन्हा ताठ बसली, टोपडं पुन्हा नीट धरलं. एकच फोटो उरला होता. हा हलवून चालणार नव्हता. मी श्वास धरून थांबले. पुन्हा खोकला. पुन्हा ती ताठ बसली.

एवढा वेळ मी तिच्याजवळ बसले असते.

घंटा झाली. व्हरांड्यातली माणसं उठून पायऱ्या उतरायला लागली, आणि क्षणभर आक्काच्या पुढ्यातलं सगळं मोकळं झालं. ती माझ्याकडे बघत होती. ती काहीतरी म्हणाली. मी खटका दाबला.

कॅमेरा पिशवीत कोंबून पळत पायऱ्यांशी गेले, तर खालच्या पायरीवर दवाखान्याचा माणूस आडवा आला. "टाइम झाला, पोरी."

"फक्त सांगून येते. तिथंच आहे, ती बघा."

"समदे असंच म्हणत्यात. उद्या ये."

त्यानं काही वाईट बोलून हाकललं नाही. वर कुणीतरी खाटेपुढं पडदा ओढला होता. मी खालूनच ओरडले, "आक्का, येते गं!" वरून खोकल्याचे आवाज येत होते, कितीतरी खाटांवरून. त्यातला तिचा कुठला, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला पैसे नव्हते. पुढल्या आठवड्यात दाजींचा भाऊ सायकलवर आमच्या दारात आला. आबा उठले, पेटीकडं त्यांचा हात सवयीनं गेला आणि तिथंच थांबला. मग ते तसेच मोकळ्या हातानं सायकलवर मागं बसले. मढ्याच्या घरी आबा मोकळ्या हातानं गेलेले मी पहिल्यांदा बघितले.

रोल धुऊन आला. पहिला फोटो हललेला, त्यात नुसतं पांढरं काहीतरी. दुसरा मात्र असा आलाय, की आबांनी तो हातात घेऊन खिडकीशी नेला आणि कितीतरी वेळ कुणाला दिला नाही. वेणीचा पेडन्‌पेड दिसतो. टोपड्याची टीप दिसते. आक्का बघतेय ती बघणाऱ्याकडेच. आणि तिचं तोंड उघडं आहे.

"काय म्हनत हुती गं?" आईनं विचारलं.

"मी लांब होते, आई."

भिंगाचं कुणीच काही बोललं नाही.

आता दुपारी कामं आटोपली की आई भैरूला मांडीवर घेते आणि फोटो पुढ्यात धरते. मी दारातून बघते. आई आपलं तोंड फोटोतल्या आक्काएवढंच उघडते, ओठ तसेच ताणते आणि आवाज न काढता थांबते. मग मिटते. जरा वेगळं उघडते. भैरू फोटोकडे बघत नाही. तो आईच्या तोंडाकडे बघतो आणि हळूहळू आपलंही तोंड उघडतो.