फोन घेणाऱ्या बाईंचा सीव्ही

मी एक सीव्ही आहे. एकपानी, स्वच्छ छापलेला, आणि सध्या जीव टांगणीला लागलेला. माझ्या अंगावर काय लिहिलंय ते मला तोंडपाठ आहे. ते वाचून माणसं काय करतील, ते मात्र काही केल्या कळत नाही. तुम्हाला वेळ असेल तर माझं ऐका. नसला तरी ऐका, कारण मला दुसरं कुणी विचारत नाही.

माझ्या बाई अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायच्या. तरुणपणी लागल्या त्या तिथेच मुरल्या. मग ती कंट्रोल रूम दुसऱ्या शहरात हलवली आणि बाई घरी बसल्या. घरी फोन वाजला की पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलायच्या. पलीकडून कुणी विमा विकत असलं तरी शांतपणे विचारायच्या, बोला, कुठे यायचं? लेक हसायची, पण तिला सगळं कळत होतं. आईला एवढं एकच काम येत होतं, आवडतही होतं, आणि त्याच्यावाचून ती वाळत चालली होती.

अशात एका इस्पितळात अ‍ॅम्ब्युलन्सचे फोन घ्यायला माणूस हवं असल्याचं कळलं, आणि माझा जन्म झाला.

पहिला जन्म अगदीच वाया गेला, खोटं कशाला बोलू. बाईंनी भाच्याचा बायोडेटा समोर ठेवला आणि जसाच्या तसा उतरवला. कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ. उंची, वजन, रक्तगट. छंद पोहणे, तोही भाच्याचाच! बाई घोट्याएवढ्या पाण्यातही कठडा सोडत नाहीत. आणि इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल दोनच शब्द होते, 'फोन घेणे'.

लेकीने वाचून कपाळाला हात लावला. हे नोकरीसाठी आहे की स्थळासाठी, असं तिने विचारलं. मग उंची गेली, वजन गेलं, मनमिळाऊपणा गेला. कष्टाळू तर जो तो लिहितो, वाचणाऱ्याला तुझं काम दिसलं पाहिजे, असं म्हणत तिने माझं निम्मं अंग कापून काढलं. दुखलं, पण हलकंही वाटलं.

तू तिथे नेमकं काय करायचीस, असं तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे बाई बोलत्या झाल्या. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. तो रडतो, ओरडतो, भलतंच काही सांगतो. बाकीचे लोक पूर्ण पत्ता लिहून होईपर्यंत गाडी सोडत नसत. बाईंना नुसता भाग कळला की त्या गाडी काढायला लावायच्या. उरलेला पत्ता हळूहळू काढून घ्यायच्या आणि ड्रायव्हरला वाटेत कळवायच्या.

लेकीने लगेच ते माझ्यावर उतरवलं. 'भाग कळताच गाडी रवाना केली, पूर्ण पत्ता वाटेत कळवला.' अहाहा! त्या ओळीने माझी छाती फुगली.

बाईंचा चेहरा मात्र पडला. कारण हे नियमात बसत नव्हतं. याच गोष्टीसाठी त्यांच्या इन्चार्जने त्यांना मेमो दिला होता. कंट्रोल रूममध्ये सगळे त्याला मागून नियमबुवा म्हणायचे. त्या मेमोनंतर दोघांमध्ये कामापुरतं बोलणं उरलं होतं, आणि शेवटच्या दिवशी तर बाई त्याला न सांगताच निघून आल्या होत्या. इस्पितळाला तर संदर्भासाठी शेवटच्या वरिष्ठाचाच नंबर हवा होता.

"अगं, वर हे लिहायचं आणि खाली त्यांचा नंबर द्यायचा? आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा की काय?"

"खरं आहे ना आई ते? मग राहू दे."

राहिलं. तेव्हापासून माझ्या मधोमध असलेली ती ओळ आणि तळाचा तो नंबर, एका घरात नांदणाऱ्या दोन रुसलेल्या जावांसारखे माझ्या अंगावर आहेत. त्यांच्यामधून वारा गेला तरी मला धडकी भरायची.

मुलाखतीच्या दिवशी बाईंच्या हातांना इतका घाम आला होता की माझी कड ओली झाली. इस्पितळाचे भरतीवाले साहेब तसे सौम्य होते. त्यांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं. बाई काहीतरी अर्धवट बोलल्या आणि थांबल्या. जन्मभर दुसऱ्यांना बोलतं केलेल्या बाई स्वतःबद्दल विचारल्यावर मुक्या झाल्या. तुमच्या इन्चार्जशी बोलून कळवतो, एवढं साहेब म्हणाले. बाई उठल्या, पदर सावरला आणि माझ्याकडे न बघता गेल्या. मी टेबलावर राहिलो.

दुपारी साहेबांनी नियमबुवाला फोन लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. साहेबांनी ती ओळ वाचून दाखवली आणि खरं आहे का, म्हणून विचारलं. पलीकडून नियमबुवा म्हणाला,

"खरं आहे. मी मेमो दिला होता त्याबद्दल. आजही देईन. नियम म्हणजे नियम."

गाडी कधी चुकीच्या ठिकाणी गेली का, असं साहेबांनी विचारलं.

"गेली होती. तिनेच येऊन सांगितलं, नाहीतर मला कळलंही नसतं. हे बघा, सगळ्यांनीच असं केलं असतं तर गोंधळ झाला असता, म्हणून मेमो. पण माझ्या घरचं कुणी आजारी पडलं, तर फोन तिनेच घ्यावा असं मला वाटेल. घ्या तिला. भांडेल तुमच्याशी, तयारी ठेवा."

साहेब हसले. शिसपेन घेऊन माझ्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, 'घ्यायचं'. मला ट्रेमध्ये ठेवलं आणि रजेवरून आलो की कळवू, असं स्वतःशीच पुटपुटत निघून गेले. अहो, आत्ताच कळवा ना! पण कागदाचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लार्कबाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. त्या पलीकडच्याचं बोलणं मोठ्याने परत म्हणतात, त्यामुळे मला समजलं. माझ्या बाई होत्या. अर्ज मागे घ्यायचा म्हणत होत्या. साहेबांनी इन्चार्जला फोन करून वाईटसाईट ऐकायच्या आत मागे घेते, लेकीने एवढं मन लावून लिहिलंय, त्याला कुणी खोटं म्हणायला नको. तिला मी सांगेन जागा भरली म्हणून.

क्लार्कबाई भल्या आहेत. नीट विचार करा, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. बाई ऐकेनात. मग त्यांनी एका चिठ्ठीवर 'अर्ज मागे' लिहिलं, ती टाचणीने नेमकी माझ्या वरच्या कोपऱ्यावर, खालचं 'घ्यायचं' न बघताच, लावली, आणि मला खालच्या खणातल्या फायलीत ठेवून दिलं.

मी आता तिथेच आहे, अंधारात. माझी विनवणी एवढीच, की साहेब रजेवरून आले की त्यांनी ट्रेमध्ये बघावं आणि एकदा तरी विचारावं, तो कागद कुठे गेला? क्लार्कबाई लगेच काढून देतील. पण विचारायला आठवण राहायला हवी, आणि साहेबांच्या टेबलावर कागदांचा ढीग आहे.

बाई, थोडा दम धरायचा होता हो. तुमची निवड झाली होती.