ममझरच्या वाळूतलं जोडवं

या, अशा जवळ सरका. मागं टेकून बसलेल्यांनीही पुढं या, सतरंजी मोठी आहे. आज कुण्या राजाचं आख्यान नाही आणि संताचंही नाही. दुबईत सव्वीस वर्षं इमारतींचे नकाशे काढून काढून पाठीला बाक आलेल्या राजन पाटकर नावाच्या ड्राफ्ट्समनची गोष्ट आहे, आणि एका चांदीच्या जोडव्याची. गोष्ट लहान आहे. पण ज्याच्या दारात आपण बसलोय, तो लहान गोष्टीही कान देऊन ऐकतो, म्हणून सांगतो.

तर बघा, दोन हजार एक सालातला फेब्रुवारी. दुबईच्या देरा भागातल्या एका दुकानात राजन काउंटरपाशी उभा. दुकान तंबू, गळ, टॉर्च, वाळवंटात भटकायला जाणाऱ्यांच्या सामानाचं. काउंटरवर दोन यंत्रं आडवी ठेवलेली. एक दांडा, टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती, हाताशी एक डबी. जमिनीतला धातू शोधायची यंत्रं. पलीकडं याकूब. मूळचा श्रीवर्धनचा, या दुकानात वीस वर्षं मुरलेला. गिऱ्हाईक मराठी निघालं की त्याचा चेहरा उजळायचा.

"काय शोधायचाय, पाटकरसाहेब?" त्यानं विचारलं.

राजननं चकतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "असंच. हॉबी. जुनी नाणी वगैरे. रिटायर होतोय, वेळ जात नाही."

इथं चुकलं, बरं का. साठीच्या माणसाला परक्या दुकानात सांगायला लाज वाटली की, बायकोच्या पायातलं जोडवं शोधायचंय. ही एवढीशी लाज पुढं त्याला किती महागात पडली ते ऐका.

याकूबनं आपल्या परीनं नीट समजावलं. मोठ्या यंत्राला पडदा होता, धातूप्रमाणे आकडे दाखवायचा. पण नवशिक्याला एवढ्याची गरज नव्हती, त्यात ते जडही होतं आणि तासाभरात खांदा भरून यायचा. दुसरं हलकं, दोनच बटणांचं. एक बटण आवाजाचं, दुसरं कचरा गाळायचं. ते मधोमध ठेवलं की बाटल्यांची झाकणं, सिगारेटच्या पाकिटाची चांदी, कॅनच्या कड्या, यांवरून यंत्र मुकाट्यानं पुढं जायचं आणि नाण्यावर तेवढं वाजायचं. साडेतीनशे दिरहम, म्हणजे साडेचार हजार रुपये, असा हिशेब दोघांनी एकदमच मोठ्यानं केला. राजननं बोटातली लग्नातली अंगठी काढून काउंटरवर ठेवली. चकती वरून फिरली आणि यंत्र असं खणखणीत वाजलं की, दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. राजनला तेवढं पुरलं. ओल्या वाळूत नेऊ नका, समुद्राच्या मिठानं ते उगाच बडबडतं, एवढं याकूबनं निघताना बजावलं.

आता जोडवं हरवलं कसं, तेही ऐका. पंच्याण्णव सालच्या एका शुक्रवारी राजन, त्याची बायको शोभना आणि मुलगी आभा ममझरच्या किनाऱ्यावर गेले होते. निघताना शोभनाच्या लक्षात आलं, डाव्या पायातलं जोडवं नाही. लग्नातला जोड तिनं जपून ठेवलेला, त्याच वर्षी रोज घालायला काढला होता. ती बाकाजवळ गुडघ्यांवर बसून वाळू चाळायला लागली. सूर्य खाली गेला होता, राजनला दुसऱ्या दिवशी एक नकाशा द्यायचा होता. तो म्हणाला, चल, पुढच्या शुक्रवारी येऊन शोधू. ती उठली. पुढच्या शुक्रवारी ऑफिसला जावं लागलं, त्याच्या पुढच्या शुक्रवारी पाहुणे आले. मग मीना बाजारातून नवा जोड घेऊ म्हणाला, तर ती म्हणाली, राहू दे, शोधू की. एवढंच म्हणाली.

शोभनाला कीर्तनाचं वेड. गावाहून आणलेल्या कॅसेटी स्वैपाक करताना चालू असायच्या. बुवांनी अभंगाचा चरण टाकला की पोळी लाटता लाटता ही मागून धरायची. राजन आतल्या खोलीतून म्हणायचा, अगं आवाज कमी कर. ती कमी करायची. पुढं त्यानं तिला हेडफोन आणून दिले. घर शांत झालं. माणसाला वाटतं, आपण काही चांगलं केलं.

दोन हजार सालच्या ऑक्टोबरात तिला हॉस्पिटलात नेलं. तपासणीच्या मशीनखाली घ्यायचं म्हणून अंगावरचं सगळं धातूचं काढलं. त्यानंतर ती परत बोलली नाही, तिथंच गेली. केरळच्या नर्सनं राजनच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. मंगळसूत्र, बांगड्या, उजव्या पायातलं जोडवं. आणि हळदीत भिजवलेल्या पिवळ्या दोऱ्याचा एक वेढा. नर्स म्हणाली, हा डाव्या पायाच्या बोटाला होता, कापावा लागला, सॉरी.

पाच वर्षं. हरवलेल्या जोडव्याच्या जागी ती दोरा बांधत होती, जुना झाला की नवा. पाच वर्षं रोज तिनं त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला आणि त्याची नजर तिच्या पावलांपर्यंत एकदाही गेली नाही.

आभा पुण्याला नोकरीत. फोनवर यंत्राचं कळल्यावर ती म्हणाली, "बाबा, लेट इट गो. आईला चाललं असतं." राजन हो म्हणाला. व्हिसा एप्रिलमध्ये संपत होता. हातात सात शुक्रवार होते.

ड्राफ्ट्समनच तो. ट्रेसिंग पेपरवर त्यानं बाकाभोवतालची कोरडी वाळू आखून काढली, एकेक मीटरचे चौकोन पाडले. यंत्राला शोभनाचेच हेडफोन लावले. पहाटेची नमाज झाली की पहिल्या बसनं निघायचा. एक चौकोन फिरून झाला की पेन्सिलीनं त्यावर काट मारायची. चार शुक्रवारांत अठ्ठावीस चौकोन झाले. यंत्र फार शहाण्यासारखं वागलं. अकरा नाणी मिळाली आणि एक किल्ली. बाकी सगळं शांत. किनाऱ्यावर फिरायला येणारे लोक मान हलवायचे, तोही हलवायचा. दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा तो बसच्या ड्रायव्हरशी.

चौथ्या शुक्रवारी दुपारी घरी आल्यावर त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं कुंकवाच्या डबीतून उजवं जोडवं काढलं, जमिनीवर ठेवलं आणि चकती वरून फिरवली.

यंत्र वाजलं नाही.

त्यानं पुन्हा फिरवली. हळू फिरवली, अगदी टेकवून फिरवली. नाहीच. मायबापहो, त्या वेळी त्या खोलीत कुणी असायला हवं होतं. कुणी नव्हतं.

संध्याकाळी देऱ्याला जाऊन त्यानं ते जोडवं काउंटरच्या काचेवर ठेवलं. पाच वर्षांच्या चालण्यानं गुळगुळीत झालेलं, वरची गव्हाच्या दाण्यांची नक्षी पार झिजून गेलेली. मग त्यानं सगळं सांगितलं, दोऱ्यासकट. याकूब ऐकत राहिला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं हातानंच थांबवलं.

"राजनभाऊ," तो शेवटी म्हणाला, "ह्या पयल्या दिवशीच सांगायचा होता."

मग त्यानं दाखवलं. अंगठी म्हणजे पुरी कडी, तिच्यात करंट गोल फिरतो, म्हणून यंत्राला ऐकू येते. जोडव्याचं तोंड उघडं, बोटाप्रमाणे घट्ट-सैल करायला ठेवलेलं. तिथं करंट तुटतो. यंत्राच्या लेखी ते सिगारेटच्या चांदीएवढंच. आणि कचरा गाळायचं बटण तर आपणच मधोमध ठेवलेलं. त्यानं पडद्याचं मोठं यंत्रही लावून पाहिलं, त्यानं धड एक आकडा दाखवला नाही. मग हलक्या यंत्राचं बटण शून्यावर आणलं. बोटभर अंतरावरून एक बारीक टिक आली. घड्याळाच्या काट्याएवढी.

"एवढाच वाजेल," याकूब म्हणाला. "आणि त्याच्यासंगती सगळा कचरा वाजेल. सगळा खोदायला लागेल. आणि खोटा कशाला बोलू, वाळू साफ करायचे ट्रॅक्टर रोज फिरतात तिथं."

राजननं घरी येऊन रबर घेतलं आणि अठ्ठावीस चौकोनांवरच्या काटा खोडल्या.

पुढचे दोन शुक्रवार त्यानं वाजेल ते सगळं खोदलं. झाकणं, कड्या, खिळे, हेअरपिना. गुडघ्यांवर बसायचा, चाळायचा, उठायचा. ती त्या दिवशी अशीच बसली होती, हे त्याच्या ध्यानात यायचं. पिशवी भरली की कचऱ्याच्या पेटीत रिकामी करायचा.

शेवटच्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून याकूब आला. हातात डबा, त्याच्या बायकोनं, अजरानं, दिलेली सांदणं. बाकावर बसून दोघांनी खाल्ली. राजननं कान तयार करायला म्हणून उजवं जोडवं खिशातून काढलं, बोटभर वाळूत पुरलं, शेजारी खूण म्हणून पेन्सिल खोचली. ती टिक एकदा ऐकायची आणि मग कामाला लागायचं, असं तो दर खेपेस करायचा. हात धुवायला दोघं नळावर गेले. तेवढ्यात फुटबॉलच्या मागं आठ-दहा माणसं धावत बाकापाशी आली, तिथंच चेंडूसाठी लाथाळी झाली आणि ती निघून गेली. परतून बघतात तर पेन्सिल नाही. वाळू सगळी उधळलेली.

याकूबच्या तोंडातून तेवढं "या अल्ला" निघालं. दोघं वाळूवर बसले. एकानं चकती फिरवायची, दुसऱ्यानं खोदायचं. झाकण. कडी. झाकण. ऊन उतरलं. बाकाच्या मागच्या पायाशी बारीक टिक आली. याकूबनं ओंजळ घातली, वाळू बोटांतून गळू दिली, आणि तळहातावर चांदीचं वळं राहिलं, काळं पडलेलं.

"मिळाला. खलास. अल्लाची मेहेरबानी," याकूब म्हणाला. "आता चला घरी, राजनभाऊ."

राजननं ते हातात घेतलं आणि अंगठा फिरवला. काळ्या चांदीवर गव्हाचे दाणे लागले. एक, दोन, तीन, सगळे. टोकदार, लग्नाच्या दिवशी होते तसे.

"हे ते नाही, याकूबभाई," तो म्हणाला. "हे तिचं हरवलेलं."

याकूबला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो पुन्हा गुडघ्यांवर बसला. दोघांनी अंधार पडेस्तोवर शोधलं, रखवालदारानं शिट्टी वाजवेपर्यंत. दुपारपर्यंत खिशात असलेलं, पाच वर्षं तिच्या पावलाबरोबर झिजलेलं जोडवं काही मिळालं नाही. उठताना राजन हसला. त्या वर्षात पहिल्यांदा. म्हणाला, "बघा, जोडीनं यायला तयार नाही." आणि यंत्र याकूबच्या हातात दिलं.

रविवारी विमान. एअरपोर्टवर धातू ओळखणाऱ्या चौकटीपाशी त्यानं घड्याळ काढलं, पट्टा काढला, किल्ल्या आणि अंगठी ट्रेमध्ये ठेवली. जोडवं मात्र शर्टाच्या खिशात राहिलं, पिवळ्या दोऱ्यात गुंडाळलेलं. चौकटीतून पलीकडं गेल्यावर तो थांबला, कान देऊन. चौकट वाजली नाही. पहारेकरी म्हणाला, यल्ला, यल्ला, चला पुढं. राजननं खिशावर हात ठेवला आणि पुढं निघाला.

याकूब अजूनही जुम्म्यानंतर ममझरला जातो म्हणतात, बटण शून्यावर ठेवून. तर मायबापहो, एवढं एक मागणं आहे. कधी त्या किनाऱ्यावर अनवाणी चाललात आणि वाळूत पायाला काही बारीक टोचलं, तर खाली वाकून बघा. आणि काही हाती लागो न लागो, शोभना पाटकर नावाच्या बाईची आठवण करा. ती कीर्तनात मागून धरायची.