माईकवरची माफी

सुग्रीव महाराजांना मोबाईलची भयंकर चीड. सप्त्यात रोज त्यांनी एकच दळण दळलं. "इंटरनेटवर कुणीबी उठतं अन् काहीबी लिहितं! म्हणे बोलायचं स्वातंत्र्य! धर्म बुडवायचे धंदे हायेत हे." आणि हे सगळं त्यांच्याच चॅनलवर लाइव्ह! कॅमेरा माझा, माईकही माझाच. कीर्तन संपलं की महाराज पाण्याआधी किती जणांनी पाहिलं ते विचारायचे.

पाचव्या दिवशी त्यांनी सांगितलं, पोरींना मोबाईल देऊ नका, शिकायला बाहेर धाडू नका. त्यावर साखराबाईच्या प्रियदर्शनीनं गावाच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. झालं, महाराजांचं पित्त खवळलं. काल्याच्या दिवशी पोरीनं सगळ्यांपुढं माफी मागायची, नाहीतर तिच्या घरच्या भाकरी पंगतीला घ्यायच्या नाहीत.

आमच्याकडं सप्त्याची पंगत घरोघरच्या भाकरींवर होते. ज्या घरची भाकरी परत गेली, ते घर मेल्यात जमा. विधवा साखराबाईची टोपली बावीस वर्षांत चुकली नव्हती. ती लेकीच्या पाया पडली. "माग माय माफी. माझी टोपली परत धाडू नको."

काल्याला सकाळीच मंडप गच्च, कडेला भाकरींच्या टोपल्यांची रांग. महाराजांनी स्वतः पोरीच्या हातात माईक दिला. अक्कल बघा! निम्म्या बायांकडं मोबाईलच नव्हता. तिनं काय लिहिलं ते त्यांना ठाऊकही नव्हतं.

"माफी मागते," प्रियदर्शनी म्हणाली, "पण कशाची ते सांगावं लागंल. मी लिहिल्तं, महाराजांची लेक पुण्याला होस्टेलात राहून डॉक्टरकी शिकून राह्यली. तिच्याकडं मोबाईल हाय. मंग आम्हीच घरी का बसायचं? हे लिहिल्याची माफी."

आठ भोंग्यांवरून हे पार शिवारापर्यंत गेलं. महाराजांनी मला हातानं खूण केली, बंद कर. पुढच्या सप्त्याचं काम हातचं जाईल म्हणून मी माईक बंद केला. माझीही लायकी तेवढीच.

मग साखराबाई उठली. तिला माईक लागत नाही.

"महाराज, पोरगी खोटं बोलली का?"

"भजन घ्या, भजन!" महाराज टाळकऱ्यांवर खेकसले.

साखराबाईनं आपली टोपली डोक्यावर घेतली. "न्हाई ना सांगता येत? मंग माझ्या भाकरी मीच नेते." ती निघाली. मागून कौसल्याकाकूंनी आपली टोपली उचलली, मग उषाबाईनं, मग एकेक करत साऱ्याच बायांनी.

पंगतीत महाराजांपुढं नुसती आमटी आली. तेवढं मात्र मी लाइव्ह दाखवलं.