भुग्याच्या खोलीतल्या मावशी

"आता सांगा मावशी, यातली जळकी कोणती?"

साहेबांनी फळीचे दोन तुकडे मावशींच्या नाकाखाली धरले. डाव्या हातातला तुकडा करपलेला होता, हे साहेब दारातून आत आले तेव्हाच मावशींना कळलं होतं. तरी त्यांनी दोन्ही तुकडे आळीपाळीने हुंगले, डोळे बारीक केले आणि उजव्या हाताकडे बोट दाखवलं.

"ही असेल बघा."

साहेबांचं तोंड उतरलं. मावशींना क्षणभर त्यांची कीव आली. पण एकोणीस वर्षांत साहेबांना त्यांची कीव कधी आली होती?

कारखाना फळ्यांचा. भाताचं तूस दळून त्याचा भुगा करायचा, तो वाळवायचा, प्लास्टिकच्या दाण्यांत मिसळायचा आणि तापलेल्या मशीनमधून सरळसोट फळी बाहेर काढायची. दिसायला लाकूड, पण वाळवी तिच्या वाटेला जात नाही. प्लास्टिक वितळायला आच लागते, आणि आच जरा वाढली की भुगा आतल्या आत करपतो. मीटर बसवलेलं मशीनच्या नळीवर, बाहेरून. आतलं त्याला काय कळणार! ते कळायचं मावशींना. काटा हलायच्या आधी पहिला आंबूस वास त्यांच्या नाकात शिरायचा. एवढ्या एका गुणापायी बाई मशीनशेजारी, त्या भुग्याच्या खोलीत अडकून पडली. खोलीला खिडकी एकच, तीही भुगा उडतो म्हणून खिळे ठोकून बंद केलेली. केसांत भुगा, जेवणात भुगा, खोकल्यातही भुगाच. पॅकिंगला बदली मागितली की साहेब हात जोडायचे, "मावशी, तुम्ही गेलात तर मशीन कोणाच्या भरवशावर चालवू?" असं गोड बोलून त्यांनी तीनदा मावशींच्या तोंडाला पानं पुसली होती.

आता पॅकिंगमध्ये मावशींच्या जावेशेजारची बाई काम सोडणार होती. तिथे उजेड होता, वारा होता, दिवसभर गप्पा होत्या. जाऊच म्हणाली, "वास येत नाही म्हणून सांग की! खरं वागून एवढी वर्षं काय दिवे लावलेस?"

साहेबांनी शेवटी सुस्कारा सोडला. "आठवडाभर बघू. नाहीच काही सुधारलं, तर सोमवारपासून पॅकिंग."

आठवडाभर मावशी ढिम्म बसून राहिल्या. दोनदा आंबूस वास आला, दोनदा त्यांनी तोंड दाबून धरलं आणि ढीगभर माल भंगारात गेला. वाईट वाटलं. दहा वर्षं बरोबर काम करणारा ऑपरेटर त्यापायी बोलणी खात होता, त्याचं तर फारच वाटलं.

"मावशी, खरंच काही येत नाही?"

"नाही रे बाबा. घरी दूध करपलं तरी पत्ता लागत नाही."

हे सांगताना मावशी मशीनकडे बघत होत्या.

शनिवारी सुट्टीला अर्धा तास उरला असताना मशीनच्या तोंडाशी फळी अडकली. ऑपरेटर वाकून पितळी पट्टीने तोंड खरवडू लागला. आणि मावशींना वास आला. आंबूस नव्हे, त्याच्या पुढचा, कडवट, घसा धरणारा. आत माल करपून वाफ कोंडली होती. असा वास त्यांना पूर्वी एकदाच आला होता. त्या दिवशी मशीन उकळता गोळा थुंकलं होतं आणि तिथे वाकलेल्या माणसाचा डोळा गेला होता.

अर्धाच तास, असं मावशींनी स्वतःला बजावलं. पण तोवर त्या उठल्याही होत्या.

"मागे हो!"

एका हाताने त्यांनी लाल बटण दाबलं, दुसऱ्या हाताने ऑपरेटरची कॉलर धरून त्याला ओढलं. फट्कन आवाज झाला आणि काळा गोळा समोरच्या भिंतीवर जाऊन चिकटला.

ऑपरेटर त्या गोळ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला वास आला. मावशी, मी नाही सांगत कोणाला. म्हणेन, माझं मलाच कळलं."

पण आवाज ऐकून साहेब दारात येऊन उभे होते. ते रागावले असते तरी परवडलं असतं. ते हसले.

"अहो, ठणठणीत येतोय की वास! उगाच जीव घाबरवलात माझा!"

त्यांनी सगळ्या कामगारांना बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. जाऊ मागे उभी होती. तिने हात हलवले नाहीत.

"मागा मावशी, काय हवं ते मागा."

"पॅकिंग."

"ते सोडून."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, आनंदाने आलं.

सोमवारी पॅकिंगमध्ये नवी बाई रुजू झाली. मावशींसाठी साहेबांनी खुर्ची पाठवली, कारखान्याच्याच फळ्यांची, चांगली हातवाली. मशीनच्या तोंडापासून चार पावलांवर फिटरने ती मांडली आणि पाय बोल्टने जमिनीला आवळायला घेतले.

"हे कशाला रे?"

"साहेब म्हणाले, मावशींची खुर्ची कोणी उचलून नेता कामा नये." चौथा बोल्ट आवळून तो उठला. "बघा, हलतेय का."

मावशींनी दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. खुर्ची तसूभरही हलली नाही.

"पक्की बसवलीस," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.