फ्रेमवाल्याची वाटणी

चित्रांना फ्रेमा करणारा हा माणूस स्वतःला फार हुशार समजत असे. या बाबतीत त्याच्याशी सहमत असलेलं दुसरं कुणी अजून भेटलेलं नाही.

घटस्फोट राजीखुशीने ठरला होता, अडलं होतं ते वाटणीपाशी. वकीलबाईंनी तोडगा सुचवला, की एकाने सगळ्या मालमत्तेच्या दोन याद्या करायच्या आणि दुसऱ्याने त्यातली हवी ती उचलायची. याद्या मी करतो, असं तो लगेच म्हणाला. लाकडाच्या पट्ट्या मापात कापण्यात जन्म गेला होता, तिथे वाटणीचं काय मोठं!

त्याला हवं होतं दुकान. ते कापायचं यंत्र, ते काचेचं टेबल, तो सरसाचा वास सोडला तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि शोधायची हिंमतही नव्हती. पण मागितलं की बायको अडून बसणार, अशी त्याची खात्री. ती कधी अडून बसल्याचं एकही उदाहरण त्याला आठवलं नाही, तरी खात्री काही ढळली नाही. म्हणून पहिल्या यादीत घर टाकून त्याने ते चार दिवस खपून सजवलं. सकाळचं ऊन येणारी खिडकी, कधीच न कुरकुरणारी दारं, मागचं लिंबाचं झाड, काही म्हणून सोडलं नाही. दुसऱ्या यादीत एकच ओळ: 'दुकान, भिंतीला ओल, सामानासकट.' आपल्या डोक्याचं त्याला इतकं कौतुक वाटलं, की त्याने आरशात पाहून मान डोलावली.

बायकोने दोन्ही याद्या सावकाश वाचल्या आणि दुसरी उचलली.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. नीट वाच, घर केवढं, दुकान केवढं, असं तो तिलाच समजावू लागला.

"वाचलं. घराबद्दल किती जीव ओतून लिहिलंयस. म्हटलं, एवढा जीव आहे तर राहू दे तुला."

वकीलबाईंनी त्याचं अभिनंदन केलं, कारण मोठा वाटा त्याच्याच पदरात पडला होता. आता तक्रार करायची तर आधी लबाडी कबूल करणं भाग होतं. शेवटी त्याने ती कबूल केली, अगदी ओलीसकट. भिंत कोरडी ठणठणीत होती.

"दुकान दे म्हणाला असतास तर दिलं असतं," बायको म्हणाली. "इतक्या वर्षांत काही सरळ मागितलंयस?"

त्याने आठवून पाहिलं. भूक लागली तरी हा माणूस किती वाजले एवढंच विचारायचा.

"मला दुकान दे," तो म्हणाला.

तिने यादी त्याच्यापुढे सरकवली. इतकं सोपं होतं, हे पाहून त्याला रडू कोसळलं, आणि त्याच भरात त्याने दुसरंही मागून टाकलं. "जाऊ नकोस."

बायकोने घटस्फोटाचे कागद पुढे ओढले.

"हे दोन वर्षांपूर्वी म्हणायचं होतंस," ती म्हणाली, आणि तिने सही केली.